जुनी पिकअप घ्यायची की नाही? आधी गाडीखाली शिरा

जुनी पिकअप बघायला निघालेल्याला जो तो सांगतो, किलोमीटर बघ, इंजिनाचा आवाज ऐक. या सल्ल्याचा मला आता कंटाळा आलाय. इंजिन बांधून मिळतं, टायर नवे येतात. चेसिस, म्हणजे सगळी गाडी जिच्यावर उभी असते तो खालचा लोखंडी सांगाडा, एकदा तडकली की ती गाडी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. नारायणगावच्या बाजूला टोमॅटो वाहायला मी आजवर सहा पिकअप घेतल्या, सगळ्या थेट मालकाकडून. त्यावरून सांगतोय.

1. घरूनच करायचं काम

गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाका. फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचं आरटीओचं प्रमाणपत्र), विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा तिथेच दिसतो. ई-चलानही बघून घ्या. फिटनेस संपलेलं असेल तर तो खर्च किमतीतून वजा. आठ वर्षांपर्यंत ते दर दोन वर्षांनी करावं लागतं, पुढे दरवर्षी.

2. सकाळी, थंड इंजिनावर

गाडी आधीच सुरू करून ठेवू नका, असं मालकाला बजावून सांगा. गेल्या गेल्या इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. सुरू केल्यावर ऑइलचं झाकण उघडा. भकाभका धूर आला तर इंजिनाचं काम निघालंय.

3. चेसिस

इथे घाई करायची नाही. माझी दुसरी पिकअप दिसायला देखणी होती. हौदा नवा रंगवलेला, खाली चेसिसही काळीकुळकुळीत. मी ओणवा होऊन टॉर्च मारला आणि समाधान मानलं. तीन महिन्यांनी माळशेज घाटात, भरल्या गाडीत, मागून कट्कन आवाज आला आणि उजवी बाजू खाली बसली. पाट्याच्या (चाकावरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) पुढच्या ब्रॅकेटजवळ चेसिस जुन्या वेल्डिंगवरच उघडली होती. तो काळा रंग त्या वेल्डिंगवर मारलेला होता. भर पावसात क्रेट एकेक करून दुसऱ्या गाडीत भरले. तिची डागडुजी कितीही केली तरी ती नंतर सरळ चालली नाही.

तेव्हापासून पीट (गाडीखाली उभं राहायचा खड्डा) किंवा रॅम्प असलेल्या गॅरेजवर नेल्याशिवाय मी गाडीचा भाव बोलत नाही. मालक नको म्हणाला तर तिथूनच परत फिरतो. तुम्हीही फिरा.

खाली गेलात की तारेचा ब्रश घेऊन चिखल आणि रंग खरवडा. जागा दोनच: केबिनच्या मागे जिथे हौदा सुरू होतो ती, आणि पाट्यांचे ब्रॅकेट. वेल्डिंग कंपनीचंही असतं, म्हणून नुसतं वेल्डिंग दिसलं की घाबरू नका. डावी आणि उजवी बाजू ताडून बघा. कंपनीचं काम दोन्हीकडे सारखं असतं. एकाच बाजूला जाडजूड, वेडीवाकडी रेघ किंवा वरून मारलेली पट्टी दिसली तर ती गाडी स्वस्तातही घेऊ नका. रंग फक्त तेवढ्याच भागावर ताजा असेल तरी तेच समजा.

मग पाटे मोजा. जादा पाटा टाकलेला असेल तर गाडीने क्षमतेबाहेर माल ओढलाय, मालक काहीही सांगो. चाकं सरळ करून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावा, दोन्ही बाजूंनी. बोटभर फरक निघाला तर चेसिस किंवा मागचा ॲक्सल जागेवर नाही.

चेसिस नंबरवरून बोट फिरवा आणि तो आरसीशी अक्षर न अक्षर जुळवा. आजूबाजूला ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा असतील तर पुढे बोलूच नका.

फिटनेस ताजं आहे म्हणून चेसिस चांगली, हे मनातून काढून टाका. माझ्या त्या गाडीचं फिटनेस चालू होतं.

4. भरून चालवा

रिकामी पिकअप गावात दोन चकरा मारून काही कळत नाही. मालकाला डिझेलचे पैसे द्या आणि त्याच्या नेहमीच्या खेपेला शेजारी बसून जा. चढावर दुसऱ्या गिअरला ती कशी ओढते, उतारावर ब्रेक मारल्यावर एका बाजूला खेचते का, हे भरल्या गाडीतच कळतं. मालकाचं बोलणंही ऐका. स्वतः चालवणारा माणूस कुठला आवाज कधीपासून येतोय ते सांगतो.

5. कागद आणि पैसे

गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सही समोर घ्या. बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. ‘हप्ते भरत राहा, नावावर नंतर करू’ हा व्यवहार करू नका. मालक टाळाटाळ करत असेल तर त्याला सांगा, नोंदणी ज्याच्या नावावर त्याच्यावर अपघाताची भरपाई येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल आहे. घाई त्यालाही होते.

गाडी ताब्यात आली की तिच्या हस्तांतरणासाठी 30 दिवसांत आरटीओकडे अर्ज करा. विमा कंपनीला मात्र 14 दिवसांच्या आत कळवा.