एक्स्प्रेसकार्ड स्लॉट ढिला झालाय? स्क्रूड्रायव्हर शेवटी उचला

२०११ सालचा थिंकपॅड एक्स२२० हा लॅपटॉप अजूनही बऱ्याच टेबलांवर चालू आहे. त्याच्या बहुतेक मॉडेलांत यूएसबी ३ नसल्यामुळे एक्स्प्रेसकार्ड स्लॉटमध्ये, म्हणजे जादा सोयींची कार्डं घालायच्या बाजूच्या खाचेत, यूएसबी ३ चं कार्ड लावलेलं असतं. कोणी तिथे फायरवायर (जुन्या पद्धतीचं केबल कनेक्शन) कार्ड लावून जुना ऑडिओ इंटरफेस चालवतं, तर कोणी आरएस-२३२ (जुना सिरियल पोर्ट) कार्डावरून संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनला प्रोग्रॅम पाठवतं. तक्रार मात्र सगळ्यांची एकच: कार्ड हलतं आणि जरा धक्का लागला की गायब होतं. यातल्या बऱ्याच स्लॉटांना प्रत्यक्षात काही झालेलं नसतं, त्यामुळे लॅपटॉप लगेच उघडू नका.

आधी मापं बघा. या लॅपटॉपचा स्लॉट ५४ मिमी रुंद आहे आणि बाजारात मिळणारी बहुतेक कार्डं ३४ मिमी रुंद असतात. आतला २६ संपर्कांचा कनेक्टर दोन्हींना एकच असतो, त्यामुळे ३४ चं कार्ड चालतं. पण शेजारी २० मिमी जागा मोकळी राहते आणि बाहेरचं टोक डावी-उजवीकडे डुलतं. त्यात कार्डाला जाड केबल लटकत असेल तर कार्डाची तरफ होते: बाहेर केबल खाली ओढते आणि आत कनेक्टर वर उचलला जातो. कार्ड आत आहे हे लॅपटॉपला कळावं म्हणून कनेक्टरमध्ये वेगळी पिन असते. तिचा संपर्क क्षणभर जरी तुटला तरी स्लॉटची पॉवरच बंद होते. एवढ्याशा हालचालीने अख्खं कार्ड नाहीसं होतं ते यामुळेच.

दोष ढिलेपणाचाच आहे का, हे तपासायला विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी, म्हणजे डिव्हाइस मॅनेजर, उघडा ठेवा, कार्डाला केबल न लावता ते नुसतं बसवा आणि बोटाने हलकेच वर-खाली, मग डावी-उजवीकडे हलवा. यादीतून कार्डच जात असेल तर संपर्क तुटतोय. कार्ड यादीत टिकतं आणि फक्त हार्ड डिस्क जोडली की ती बंद पडते, असं असेल तर प्रश्न विजेचा आहे. एक्स्प्रेसकार्डला ५ व्होल्ट मिळतच नाहीत. ३.३ व्होल्टवर सरासरी १ अँपिअर, म्हणजे जेमतेम ३.३ वॅट मिळतात, आणि यूएसबी ३ चा एकच पोर्ट ४.५ वॅटपर्यंत मागू शकतो. म्हणून अशा अनेक कार्डांवर बाहेरून वीज द्यायला बारीक गोल जॅक असतो. तिथे वीज द्या, पण आधी कार्डावर छापलेले व्होल्ट आणि ध्रुव (+ आणि −) वाचून घ्या. हात न लावताही कार्ड अधूनमधून झोपत असेल, तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्सप्रेसखालचं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट बंद करून बघा.

संपर्कच तुटत असेल तर सुरुवात सफाईने करा. लॅपटॉप बंद करून अडॅप्टर आणि बॅटरी काढा. स्लॉटमध्ये ब्लोअरने हवा मारा. कार्डाचे संपर्क ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा आणि दहा मिनिटं वाळू द्या. कापसाचा बोळा स्लॉटच्या आत घालू नका, त्याचे तंतू संपर्कांत अडकतात. गंज सोडवायचा तेलकट स्प्रेही नको. तो धूळ धरून ठेवतो.

आता पाचर. आडवं डुलणं थांबवायला ३४ ते ५४ मिमीचा प्लास्टिक अडॅप्टर मिळतो. तो मिळाला नाही तर लॅपटॉपबरोबर आलेलं ५४ मिमीचं डमी कार्ड कामी येतं. जुन्या लॅपटॉपच्या दुकानात भंगारातल्या मशीनमध्येही ते सापडतं. त्यातून साधारण १९.५ मिमी रुंद आणि ४० मिमी लांब पट्टी कापा, कडा कानशीने घासून घ्या आणि कार्डाच्या बाहेरच्या अर्ध्या भागाला शेजारून टेपने जोडा. पट्टी कनेक्टरपर्यंत नेऊ नका. तिथे ५४ मिमीचं कार्डसुद्धा अरुंद होतं, पट्टी आत अडकेल. ती कार्डाला जोडलेलीच हवी. सुटी घातली तर बाहेर काढताना चिमट्याने तासभर खणत बसाल.

उभं हलणं थांबवायला कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी पातळ पिवळसर टेप) घ्या. तिचा एक थर साधारण ०.०६ मिमी भरतो. कार्ड ५ मिमी जाड असतं. वरच्या बाजूला, कनेक्टरच्या टोकापासून निदान ३० मिमी सोडून एक थर लावा आणि बसवून बघा. गरज पडली तर दुसरा लावा. तिसऱ्यावर थांबा. कार्ड आत ढकलायला जोर लागतोय म्हणजे टेप जास्त झाली, आणि ती सोलून आत गोळा होईल. साधी सेलोटेप चालत नाही. यूएसबी ३ ची कार्डं चांगली तापतात, मग तिचा गोंद पातळ होऊन स्लॉटमध्ये पसरतो. अॅल्युमिनियमची पन्नी तर अजिबात नको.

केबलचा ताण काढला नाही तर ही पाचर फार दिवस टिकणार नाही. कार्डात १५ ते २० सेंमीची मऊ एक्स्टेन्शन केबल कायमची लावून ठेवा, तिचं दुसरं टोक टेबलाला वेल्क्रोने बांधा आणि डिस्क त्या टोकालाच लावत-काढत जा.

इतकं करूनही कार्ड जात असेल तर मशीन उघडावं लागेल. थिंकपॅडच्या तळाशी कोणता स्क्रू कशाचा हे चिन्हांनी दाखवलेलं असतं. स्क्रू काढाल तसे कागदावर त्याच जागी चिकटवत जा, कारण लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरचं प्लास्टिक फोडून बाहेर येतो. बॅटरी काढलेलीच असेल; घड्याळाच्या छोट्या सेलची वायरही सोडवा. मग स्लॉटची पत्र्याची चौकट बघा. तिचे स्क्रू सैल असतील तर बेताने आवळा. ते पुन्हा सैल होऊ नयेत म्हणून नेलपॉलिशचा अगदी बारीक थेंब पुरतो. थ्रेडलॉकर (स्क्रू पक्का करायचा गोंद) प्लास्टिकला लागला तर ते तडकू शकतं. कार्डाला दाबून धरणाऱ्या पत्र्याच्या जिभा चपट्या झाल्या असतील तर चिमट्याने अर्धा मिमी आत वळवा. एकदाच. पुन्हापुन्हा वाकवलं की त्या तुटतात.

चौकट घट्ट असेल तर १० पटीच्या भिंगाने कनेक्टरचे सांधे तपासा. पिनेभोवती केसासारखी गोल भेग दिसली तर तो ड्राय सोल्डर आहे. आधी बहुधा कनेक्टरच्या दोन टोकांचे कान, म्हणजे त्याला बोर्डावर धरून ठेवणारे पत्र्याचे तुकडे, सुटतात आणि त्यानंतर सगळा ताण पिनांवर येतो. म्हणून सोल्डरचा डाग देताना क्रम पाळा: कनेक्टर बोर्डावर सपाट दाबून धरा, आधी दोन्ही कान जोडा, मग पिना. उलट केलंत तर ताण पिनांमध्ये अडकून राहतो आणि तीच भेग परत पडते. कान बोर्डावरच्या ग्राउंडच्या रुंद तांब्याला जोडलेले असल्याने उष्णता शोषून घेतात. तिथे ३ मिमीची चपटी टिप ३७० ते ३८० अंशांवर, आणि पिनांना बारीक टिप ३५० च्या आसपास. सोल्डर नीट पसरायला भरपूर फ्लक्स लावा. प्रत्येक पिनेवर दोन-तीन सेकंदांहून जास्त थांबू नका, नाहीतर कनेक्टरचं प्लास्टिक मऊ होऊन पिना सरकतात. पिनांमधलं अंतर १ मिमी आहे, तेव्हा शेजारच्या पिनांमध्ये सोल्डरचा पूल सहज होतो. बॅटरी लावण्याआधी ३.३ व्होल्टची पिन आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट नाही ना, हे मल्टिमीटरने बघा. सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर हे काम चिपलेव्हल दुरुस्तीवाल्याकडे द्या आणि "कान आधी पक्के करा" एवढं आवर्जून सांगा.

सगळं बसवल्यावर पंधरा-वीस मिनिटं चालेल एवढी मोठी फाईल कॉपीला लावा आणि पंधरा मिनिटांनी, कार्ड पूर्ण तापल्यावर, त्यावर हलकी टिचकी मारून बघा. थंड असताना टिकतं आणि तापल्यावर जातं, असं झालं तर एखादा सांधा अजून सुटलेला आहे. सगळ्या पिना पुन्हा भिंगाखाली घ्या.