जॉन ओवेन यांचे समग्र ग्रंथ वाचताना या चुका टाळा

सतराव्या शतकातील इंग्लंडचे प्युरिटन (इंग्लंडच्या चर्चची आणखी सुधारणा व्हावी असा आग्रह धरणारे) ईश्वरविज्ञानी जॉन ओवेन (१६१६–१६८३) यांचे समग्र ग्रंथ वाचायला घेणारे अनेक जण पहिल्याच खंडात अडतात. चिकाटी कमी पडते असे नाही. खंडांचा क्रम हाच वाचनाचा क्रम, असे ते धरून चालतात. विल्यम गूल्ड यांनी १८५० ते १८५५ या काळात संपादित केलेली चोवीस खंडांची आवृत्ती विषयवार लावलेली आहे : आधी सिद्धान्तपर, मग आचरणपर आणि त्यानंतर वादपर लेखन. त्यामुळे १६४५ साली लिहिलेल्या दोन लहान प्रश्नोत्तरावल्या आणि ख्रिस्ताच्या गौरवावरचे अखेरचे चिंतन ही दोन्ही पहिल्याच खंडात शेजारी बसली आहेत.

सुरुवात सहाव्या खंडाने करावी. त्यातला पापाला ठार मारण्याविषयीचा ग्रंथ (१६५६) चौदा प्रकरणांचा, सुमारे ऐंशी पानांचा आहे, आणि तो ओवेन यांनी ऑक्सफर्डमध्ये केलेल्या उपदेशांतून तयार झाला. रोमकरांस पत्र ८:१३ हे त्याचे मूळ वचन मराठी पवित्र शास्त्रात उघडून जवळ ठेवावे, कारण तिथला ‘ठार मारणे’ हा रोखठोक शब्द ओवेन यांच्या ‘मॉर्टिफिकेशन’ या जड इंग्रजी संज्ञेपेक्षा त्यांच्या मनातल्या अर्थाच्या जास्त जवळ आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे रोजच्या पानांचा कोटा. दिवसाला दहा पाने या हिशेबाने पहिले सोळा खंडच दोन वर्षांहून अधिक काळ घेतात, आणि तेवढा वेळ केवळ पाने उलटण्यात गेला तर हाती काही राहत नाही. मीही असाच कोटा ठरवून स्तोत्र १३० वरील विवेचन वाचायला घेतले होते. स्तोत्र आठ वचनांचे, विवेचन तीनशेहून अधिक पानांचे, आणि त्यातला बराच मोठा भाग क्षमेविषयीच्या एकट्या चौथ्या वचनाला दिलेला. तिसऱ्या आठवड्यात माझ्यासमोर ‘तिसरे’ असा क्रमांक आला, आणि तो कोणत्या मुद्द्याचा तिसरा उपमुद्दा आहे हे मला सांगता येईना. ओवेन मुद्द्याचे भाग पाडतात, त्या भागांचे पुन्हा भाग पाडतात, मध्येच एखादी शंका घेऊन तिचे निरसन करतात आणि मग मूळ मुद्द्यावर परततात. तेव्हापासून मी पुस्तकात एक कोरा कागद ठेवतो आणि प्रत्येक क्रमांकापुढे चार शब्दांत मुद्दा लिहितो. कोटा सोडून दिला. एक मुद्दा पुरा झाला की त्या दिवसाचे वाचन थांबवतो.

एखादे वाक्य अर्ध्यावर निसटले, तर ते मोठ्याने वाचावे. डोळ्यांना न सापडलेले क्रियापद कानाला सापडते. तरीही अर्थ लागत नसेल, तर ओळखीच्या शब्दांवरच संशय घ्यावा. ओवेन यांच्या काळी ‘कॉन्व्हर्सेशन’ म्हणजे बहुधा आचरण, ‘वाँट’ म्हणजे उणीव, आणि ‘लेट’चा अर्थ कधी कधी अडथळा असाही होत असे.

ग्रंथाचे साल न पाहता वाचणे हीदेखील चूकच आहे. ३० जानेवारी १६४९ रोजी राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला आणि दुसऱ्याच दिवशी ओवेन यांनी पार्लमेंटपुढे उपदेश केला. आठव्या खंडातला तो उपदेश ही तारीख ठाऊक नसताना निम्माच कळतो. तसेच १६६२ मध्ये प्युरिटन धर्मसेवकांना मोठ्या संख्येने चर्चमधून काढून टाकण्यात आले, त्याच्या आधीचे आणि नंतरचे ओवेन यांचे लेखन वेगळ्या परिस्थितीतून आले आहे. बाराव्या खंडासारख्या वादपर ग्रंथांत तर त्रैक्याचा सिद्धान्त नाकारणारे प्रतिपक्षी जॉन बिडल यांचे म्हणणे आधी थोडक्यात समजून घेतल्याशिवाय उत्तरांना धार जाणवत नाही.

आज सहज मिळणाऱ्या पुनर्मुद्रणाच्या सोळा खंडांवर संच संपला असे समजू नये. इब्री लोकांस पत्रावरील सात खंडांचे भाष्य वेगळे आहे, आणि त्याचे पहिले दोन खंड केवळ प्रास्ताविक निबंधांचे आहेत. तिथे दम लागला, तर सरळ तिसऱ्या खंडापासून वचनवार विवेचन सुरू करावे आणि निबंधांकडे गरजेप्रमाणे परतावे.

पहिल्या खंडातले ख्रिस्ताच्या गौरवावरचे चिंतन मात्र सर्वांत शेवटी ठेवावे. ते छपाईला गेले असतानाच, २४ ऑगस्ट १६८३ रोजी, ओवेन यांचे निधन झाले. त्यांच्या अकरा अपत्यांपैकी दहा लहानपणीच गेली होती, आणि ख्रिस्ताला समक्ष पाहण्याविषयी त्या पानांत जे लिहिले आहे, ते इतके खंड त्यांच्या सहवासात काढल्यावर फार निराळे ऐकू येते.