कुलाबा किल्ल्यावर वेडर्स बघायचेत? आधी तिथी बघा

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला ओहोटीत चालत जाता येतं हे सगळ्यांना माहितीये, पण किल्ल्याभोवतीचे खडक आणि मधली ओली पुळण ऑक्टोबर ते मार्च वेडर्सचा, म्हणजे ओल्या किनाऱ्यावर चालत चरणाऱ्या पक्ष्यांचा, अड्डा असतो, तिकडे फारसं कोणी बघत नाही. सगळा खेळ पाण्याच्या टायमिंगचा आहे, दुर्बीण कितीही भारी असो.

टायमिंग काढायची कोकणातली जुनी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट. तृतीया असेल तर तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती आणि तिथून साधारण सव्वासहा तासांनी, साडेआठच्या आसपास, पूर्ण ओहोटी. म्हणून पौर्णिमा किंवा अमावस्येनंतरची द्वितीया-तृतीया पकडा, उधाणाचे दिवस असतात त्यामुळे पाणी लांबवर मागे जातं आणि तेही सकाळी सकाळी. अष्टमी टाळा, तेव्हा भांग असते, म्हणजे भरती-ओहोटी कमी, त्यामुळे पाणी धड हटत नाही आणि ओहोटी पडते ती भर दुपारी. हा झाला अंदाज, निघताना मोबाईलवर टाइड टेबल बघाच.

ओहोटीच्या तास-दीड तास आधी किनाऱ्यावर पोचा. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सकाळी किल्ल्याकडे चालताना ऊन पाठीवर असतं आणि रंग स्पष्ट दिसतात, उलट किल्ल्यावरून गावाकडे बघाल तर सगळे पक्षी काळे ठिपके. घोडागाड्या आणि पब्लिक सुरू व्हायच्या आधीचा वेळ सोन्याचा, शनिवार-रविवार तर विसराच. ८×४२ची दुर्बीण पुरते. पायात पट्ट्याचे रबरी सँडल हवेत, खडकावरची कालवं पाय कापतात.

ओळखायला सोप्यापासून सुरू करा. लाटेच्या कडेने मागेपुढे पळापळ करणारे पांढुरके ते सँडर्लिंग. थांबत-थांबत धावणारे ते चिखल्या, म्हणजे प्लोव्हर, त्यात मानेवर पांढरी कॉलर असेल तर केंटिश प्लोव्हर, नसेल तर बहुतेक सँड प्लोव्हर. खडकात दगड-शेवाळ उलटवत फिरतो तो टर्नस्टोन. लांब वाकड्या चोचीचा मोठा पक्षी म्हणजे कुरल, पण चोच जरा आखूड आणि डोक्यावर पट्टे असतील तर व्हिम्ब्रेल, यात भलेभले गोंधळतात. लाल चोचीचा काळा-पांढरा ऑयस्टरकॅचर दिसला तर दिवस वसूल. मार्च-एप्रिलमध्ये सँड प्लोव्हरची छाती तांबूस व्हायला लागते, मला विचाराल तर तेव्हाच जा.

थव्याच्या अंगावर सरळ चालत जाऊ नका, एका जागी बसून राहा, थोड्या वेळाने तेच जवळ येतात. उडवून फोटो काढणाऱ्यांना तर माझा दंडवत! त्या बिचाऱ्या पक्ष्यांना लांबच्या प्रवासासाठी चरबी साठवायची असते. एखाद्या पक्ष्याच्या पायात रंगीत फ्लॅग, म्हणजे अभ्यासकांनी लावलेली खुणेची पट्टी, दिसला तर रंग, अक्षरं आणि कुठल्या पायात आहे ते लिहून फोटोसकट बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा.

पाणी वळलं की खडकांचा मोह सोडून मागे फिरा, आधी भरतात ते आपल्या पाठीमागचे सखल भाग, समोर कोरडं दिसतंय म्हणून थांबू नका. किनाऱ्यावर पोचलात की लगेच हॉटेल गाठू नका मात्र, चढत्या पाण्याने पक्षी आपोआप किनाऱ्याकडे ढकलले जातात. तिथे गर्दी झालीच असेल तर दक्षिणेला आक्षीच्या किनाऱ्यावर जा.