दक्षिण युरोपात स्कीइंगला जाताय? आधी या चुका टाळा

मालागाच्या विमानतळावर रात्री साडेदहाला उतरलो तेव्हा सोबत दोन पेंगुळलेली मुलं, चार बॅगा आणि लंडनहून फार स्वस्तात तिकिटं मिळाल्याचा आनंद होता. नकाशात सिएरा नेवादा, म्हणजे दक्षिण स्पेनमधलं आमचं स्कीचं ठिकाण, अगदी हाकेच्या अंतरावर दिसत होतं. प्रत्यक्षात मालागाहून ग्रानादा सुमारे १३० किलोमीटर, तिथून डोंगरावरचं प्रादोयानो गाव आणखी तीसेक किलोमीटर, आणि त्या वेळेला वर जाणारी एकही बस नाही. रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात काढली. सकाळी टॅक्सी केली, भाड्याच्या स्कीसाठी तासभर रांगेत उभे राहिलो आणि मुलांचा पहिला क्लास बुडाला. तिकिटात वाचलेले पैसे टॅक्सीत गेलेच, वर पाच दिवसांतला एक दिवस गेला. पैशांपेक्षा तो दिवस मला जास्त लागला.

त्यानंतर आम्ही दोनदा अँडोराला (स्पेन आणि फ्रान्सच्या मधला चिमुकला देश), एकदा बल्गेरियातल्या बान्स्कोला आणि पुन्हा सिएरा नेवादाला जाऊन आलो. इथल्या मराठी मंडळात कुणी स्कीइंगचा विषय काढला की आता फोन मला येतो. विचारणाऱ्यांचा पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी 'बर्फ कुठे चांगला?' हा असतो. मी त्यांना आधी प्रवासाच्या सांध्यांबद्दल विचारते: विमानानंतर बस कोणती, बस कुठे सोडते, हॉटेलपासून डोंगरावर नेणारी लिफ्ट किती पावलं, आणि शिकायची जागा नेमकी कुठे. कुटुंबाची ट्रिप बिघडते ती बहुतेक वेळा इथे.

विमानाचं तिकीट आधी, बाकी नंतर

अँडोरात विमानतळ नाही आणि रेल्वेही नाही. जायचं ते बार्सिलोना किंवा तुलूझवरून. दोन्ही विमानतळांवरून थेट बस आहेत. बार्सिलोनाहून तीन ते साडेतीन तास धरा. इथे चूक होते ती शेवटच्या टप्प्यात. बस बहुधा अँडोरा ला वेया या राजधानीत सोडते, आणि सोल्देऊ किंवा पास दे ला कासाची हॉटेलं तिथून आणखी वर, डोंगरात असतात. म्हणून बुकिंग करताना 'अँडोरा' एवढं वाचून थांबू नका. गावाचं नाव बघा आणि बस त्या गावापर्यंत जाते का ते विचारा.

माझा नियम साधा आहे: विमान दुपारी दोनच्या आत उतरत नसेल तर ते तिकीट घ्यायचं नाही, मग ते कितीही स्वस्त असो. विमान दोन तास उशिरा आलं तरी बस मिळते आणि संध्याकाळी बूट-स्की ताब्यात घेता येतात.

बान्स्को सोफियापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे, रस्त्याने अडीच तास. सेप्टेम्व्रीहून बान्स्कोकडे जाणारी नॅरोगेज गाडी फार देखणी आहे, पण तिला पाचेक तास लागतात. बॅगा आणि मुलं घेऊन त्या गाडीने जाऊ नका. ती सुट्टीच्या वेगळ्या दिवसासाठी ठेवा.

गाडी भाड्याने घेणार असाल तर एक गोष्ट लेखी विचारून घ्या: टायर हिवाळी आहेत का, आणि नसतील तर बर्फाच्या साखळ्या मिळतील का. मालागा किंवा बार्सिलोनाच्या समुद्रकिनारी भाड्याने मिळणारी गाडी साध्या टायरची असते. स्पेनमध्ये बर्फाळ रस्त्याची अवस्था हिरवा, पिवळा, लाल, काळा अशा रंगांनी सांगतात. लाल म्हणजे साखळ्या किंवा हिवाळी टायर असल्याशिवाय पुढे जायचं नाही, काळा म्हणजे रस्ता बंद. आणि साखळी चढवायचा सराव कोरड्या पार्किंगमध्ये एकदा करून घ्या. वाऱ्यात, अंधारात, गारठलेल्या बोटांनी पहिल्यांदा करायचं ते काम नव्हे.

नवशिक्यांचा उतार कुठे आहे हे न बघता हॉटेल घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक माझ्या मते ही. रिसॉर्टच्या जाहिरातीत किती किलोमीटर पिस्ट (स्कीसाठी तयार केलेले उतार) आहेत तो आकडा मोठ्या अक्षरात असतो. ग्रँडवलिरा या अँडोरातल्या स्कीक्षेत्रात ते २०० किलोमीटरहून जास्त आहेत. पण पहिल्यांदा स्की पायात घालणारा माणूस पहिले तीन दिवस दोनशे मीटरच्या एका सौम्य उतारावरच असतो. तुम्हाला शोधायचा आहे तो उतार.

सिएरा नेवादात हॉटेलं प्रादोयानोला, म्हणजे २,१०० मीटरवर आहेत, आणि शिकायची जागा बोर्रेगिलेसला, सुमारे २,६५० मीटरवर. रोज सकाळी गोंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, घ्यावाच लागतो. गाव स्वतःच चढावर वसलेलं आहे, त्यामुळे नकाशावर 'लिफ्टपासून ३०० मीटर' दिसणारं हॉटेल म्हणजे स्कीचे बूट घालून, खांद्यावर स्की घेऊन जिने चढणं असू शकतं. सहा वर्षांच्या मुलाचे स्कीसुद्धा आपल्यालाच उचलायचे असतात. तेव्हा लिफ्टजवळच्या स्की-लॉकरचे पैसे द्या. पूर्ण ट्रिपमध्ये इतक्या समाधानाने मी दुसरा खर्च केलेला नाही.

अँडोरात नवशिक्या कुटुंबासाठी मी सोल्देऊ सुचवते. तिथे गोंडोलाने वर गेलं की एस्पिओलेट्सला शिकणाऱ्यांसाठी ऐसपैस जागा आहे, आणि दिवस संपल्यावर गोंडोलानेच खाली उतरता येतं. एन्कँपला राहणं स्वस्त पडतं आणि तिथूनही लांबलचक गोंडोला थेट स्कीच्या भागात नेतो, पण थोडंफार स्की येणाऱ्यांना ते जास्त सोयीचं. पास दे ला कासा उंचावर, झाडं नसलेल्या उघड्या डोंगरात आहे. ढग उतरले किंवा वारा सुटला की समोरचा चढ-उतार कळेनासा होतो, आणि नवशिक्याचा धीर तिथेच सुटतो.

बान्स्कोत राहणं-खाणं आल्प्सच्या मानाने खूपच स्वस्त. अडचण सकाळची आहे. गावातून वर बान्देरिश्का पोल्यानाला नेणाऱ्या गोंडोलापुढे गर्दीच्या दिवसांत लांब रांग लागते. गोंडोला सुरू व्हायच्या अर्धा तास आधी उभं राहण्याची तयारी असेल, आणि हॉटेल त्याच्या जवळ असेल, तरच तिथली स्वस्ताई खरी.

जुन्या माहितीवर व्हिसा आणि पैशांचं गणित

भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमधून किंवा थेट पुण्या-मुंबईहून जाणाऱ्यांसाठी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा) आलाच. अँडोरा शेंगेनमध्ये नाही आणि स्वतःचा वेगळा पर्यटक व्हिसाही मागत नाही, पण स्पेन किंवा फ्रान्समधून आत-बाहेर करावं लागतं. अँडोरात पाऊल टाकलं की तुम्ही शेंगेनबाहेर गेलात असं धरलं जातं. म्हणजे एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर परतीला अडकाल. अर्जातच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा आणि पत्रात अँडोराचा मुक्काम स्पष्ट लिहा.

अँडोरा युरोपीय संघातही नाही. चलन युरोच आहे, पण युरोपभर चालणारं मोबाइल रोमिंग तिथे बहुतेक प्लॅनमध्ये धरलेलं नसतं. सीमेवर पोचायच्या आधी डेटा बंद करा. आमचं त्या आठवड्याचं फोनबिल अजून आठवतं.

बल्गेरियाबद्दल इंटरनेटवर अजूनही 'वेगळा व्हिसा लागतो, लेव्ह (तिथलं जुनं चलन) घेऊन जा' असं लिहिलेलं सापडतं. बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये आहे आणि १ जानेवारी २०२६ पासून तिथे युरो आला आहे.

विम्यात तर सुशिक्षित माणसंही फसतात. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा काढलेला असतो, म्हणून सगळे निश्चिंत. त्या पॉलिसीत हिवाळी खेळ बहुधा नसतातच. डोंगरावरून स्ट्रेचरने किंवा हेलिकॉप्टरने खाली आणणं, भाड्याचे स्की मोडणं, आणि तुमच्या धडकेने दुसऱ्याला इजा होणं, या तीन गोष्टी पॉलिसीत शब्दांत लिहिलेल्या आहेत का ते वाचा. इटलीला जाणार असाल तर दुसऱ्याच्या नुकसानभरपाईचा विमा तिथे २०२२ पासून सक्तीचा आहे, आणि हेल्मेट आता मोठ्यांनाही.

तारखा

स्पेनमध्ये ६ आणि ८ डिसेंबरच्या सुट्ट्या जोडून लोक डोंगरावर जातात. नाताळपासून ६ जानेवारीपर्यंत गर्दी असते. २८ फेब्रुवारी हा आंदालुसिया प्रांताचा दिवस, त्या सुमारास सिएरा नेवादा ओसंडून वाहतं. पिरेनीजमध्ये, म्हणजे अँडोराच्या डोंगरांत, फेब्रुवारीत फ्रेंच शाळांच्या सुट्टीची भर पडते, आणि ब्रिटनमधली शाळांची सुट्टीही तेव्हाच. मुलं शाळेत जाणारी नसतील तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा, सोमवार ते शुक्रवार, हा माझा आवडता काळ.

दक्षिणेतल्या बर्फावर आंधळा भरवसाही ठेवू नका. सिएरा नेवादात १९९५ साली ठरलेली जागतिक अल्पाइन स्पर्धा बर्फाअभावी रद्द करून १९९६ मध्ये घ्यावी लागली होती. म्हणून रद्द करता येणारं हॉटेल घ्या, आणि लिफ्टपास फार आधी घेत असाल तर पैसे परत मिळण्याचे नियम वाचा.

बूट, मोजे आणि खरं वजन

थंडी वाजेल म्हणून दोन मोजे घालणं ही आपल्याकडची अगदी ठरलेली चूक. सोलांगला किंवा गुलमर्गला हौस म्हणून तासभर स्की केलेले लोक हमखास ती करतात. दोन मोजे घातले की घडी पडते, रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा स्कीचा मोजा घाला. आतली थर्मल पँट बुटात खुपसू नका, ती बुटाच्या वर थांबली पाहिजे. बूट घालून सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकायला हवा, आणि गुडघे पुढे वाकवल्यावर तो किंचित मागे सरकायला हवा. दुकानात दहा मिनिटं बूट घालून फिरा. दुखत असेल तर संकोच न करता बदलून मागा, ते रोज बदलून देतात.

दुकानदार वजन, उंची, वय आणि किती स्की येतं ते विचारतो. ते खरं सांगा. पडल्यावर स्की पायापासून सुटावा म्हणून बाइंडिंगचा (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा) ताण याच आकड्यांवरून लावतात. ताण जास्त लागला तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो. कमी लागला तर स्की भलत्या वेळी निसटतो. 'मला चांगलं येतं' असं सांगितलं की ताण वाढवतात, हे लक्षात असू द्या.

नवऱ्याकडून, भावाकडून किंवा मोबाइलवरच्या व्हिडिओवरून शिकू नका. सलग तीन सकाळचे क्लास आधीच बुक करा, आणि शिक्षक इंग्रजी बोलणारा हवा हे तेव्हाच सांगा.

ऊन, उंची आणि पोट

मार्चमध्ये इथला बर्फ दिवसातून तीन वेळा बदलतो. सकाळी रात्रभर गोठून काचेसारखा कडक, अकराच्या सुमारास मऊ, दुपारी तीननंतर जड लगदा. पाय थकलेले असताना त्या लगद्यात वळताना गुडघे दुखावतात. दुपारचा शेवटचा उतार गोंडोलाने उतरण्यात कमीपणा नाही.

ताजा बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो, म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांजवळही लावा. समुद्रसपाटीवरून थेट २,६५० मीटरवर गेल्यावर पहिल्या दिवशी डोकं दुखणं स्वाभाविक आहे. पाणी पीत राहा, पहिला दिवस हलका ठेवा. आमच्या सासूबाई नाशिकहून आल्या होत्या तेव्हा त्यांच्या रक्तदाबासाठी निघण्याआधी डॉक्टरांना विचारलं होतं. त्या पायी चालणाऱ्यांचा गोंडोला पास घेऊन वर आल्या, उन्हात तासभर बसल्या, आणि बर्फाची मूठ हातात घेऊन कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या.

शाकाहारी असाल तर स्पेनमध्ये 'मांस नको' एवढं पुरत नाही. हॅमचे तुकडे आणि टूना यांना बरेच जण त्यात मोजत नाहीत, म्हणून 'नी कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन' असं तिन्ही सांगा. बान्स्कोत बीन्सचं सूप आणि बनित्सा नावाची चीजची पेस्ट्री सगळीकडे मिळते. स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घेतलं तर खिचडीचा प्रश्न सुटतो. फक्त युरोपीय संघाबाहेरून येताना दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत, तेव्हा तूप-पनीर घरीच ठेवा. डाळ-तांदूळ, गोडा मसाला आणि तिळाची वडी चालते.

तरीही काही बिघडलंच तर

नडगी दुखते? बुटाचं वरचं बक्कल सैल आहे का आणि मोज्याला घडी पडली आहे का ते आधी बघा. गॉगलवर वाफ धरली तर आतून पुसू नका, टोपीवर चढवूनही ठेवू नका, लिफ्टमध्ये हवेशीर धरा. चुकून अवघड उतारावर आलात तर कडेला थांबा, स्की उताराला आडवे करा आणि एकेक पाऊल आडवं खाली सरका. कुणी पडून जखमी झालं असेल तर त्याच्या वरच्या बाजूला दोन स्की फुलीसारखे रोवा म्हणजे येणारे वळसा घालतील. मग कडेच्या खांबावरचं पिस्टचं नाव आणि क्रमांक वाचून रिसॉर्टच्या बचाव पथकाला किंवा ११२ वर फोन करा.

आणि वाऱ्यामुळे वरच्या लिफ्ट बंद झाल्या, जे सिएरा नेवादात बऱ्याचदा होतं, तर रांगेत वाट बघत बसू नका. बस पकडून ग्रानादात उतरा. तिथल्या अल्हांब्रा राजवाड्याची तिकिटं मात्र नावानिशी आणि ठरावीक वेळेची असतात, आयत्या वेळी मिळत नाहीत. आम्ही आता ट्रिपच्या मधल्या दिवसाची दुपार त्यासाठी आधीच राखून ठेवतो. मुलांच्या पायांना विश्रांतीही तेव्हाच हवी असते.