सेफ्टीत नवीन आहात? आधी कान बघा

सेफ्टी ऑफिसरची नोकरी लागली तेव्हा मला वाटलेलं हेल्मेट, शूज, परमिट, वर्षातून दोनदा आग विझवायचं ड्रिल, झालं. डिप्लोम्यात हेल्थचा पेपर होता पण ते डॉक्टरचं काम असं डोक्यात पक्कं. चाकणला एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे जिथे प्रेस मशीनवर पत्र्याचे पार्ट ठोकून काढतात तिथे, पहिले सहा महिने काढले आणि सगळं उलटं झालं. बोट तुटलं तर अख्खी कंपनी धावत येते, कान गेला तर कोणालाच कळत नाही, ज्याचा गेला त्यालाही नाही.

पहिल्या राऊंडला बघते तर सगळ्यांचे इअरप्लग गळ्यात माळेसारखे. आवाजाचा मीटर लावला, प्रेसपाशी 97 डेसिबल. आपल्याकडच्या आवाजाच्या मर्यादेच्या तक्त्यात 90 डेसिबलला 8 तास चालतात, 95 ला 4, 97 ला 3, आणि इथे माणूस पूर्ण शिफ्ट उभा. मी काय केलं, तर नोटीस लावली, प्लग न वापरल्यास कारवाई वगैरे. दोन दिवस प्लग कानात, तिसऱ्या दिवशी परत गळ्यात.

मग चहाच्या वेळी एक जुने ऑपरेटर काका म्हणाले, "मॅडम, डाय म्हणजे पार्टचा साचा बिघडायला लागली की आधी आवाज बदलतो, प्लग घातला की तो कळत नाही, पार्ट रिजेक्ट गेले की बोलणी आम्हीच खातो." त्याच गप्पांत कळलं की घरी टीव्हीच्या आवाजावरून काकूंशी रोज वाजतं.

तेव्हापासून मी प्लगच्या मागे लागणं कमी केलं आणि आवाज येतो कुठून ते शोधायला लागले. बराचसा कर्कश आवाज डायवर हवा मारायच्या एअर गनचा होता आणि पार्ट लोखंडी बिनमध्ये पडायचा तो खणखणाट वेगळाच. बिनमध्ये जुन्या कन्व्हेयर बेल्टचं रबर टाकलं, गनला कमी आवाजाचा नोझल बसवला, मेंटेनन्सवाल्यांनी दोन दिवसात करून दिलं. प्लग तरी लागतातच, पण तो घालायचा कसा हे कोणी शिकवलेलंच नसतं. फोमचा प्लग आधी बारीक पिळायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवून फुगेपर्यंत 20-30 सेकंद बोटाने धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी खोचला तर शोभेचाच.

आता कानाची तपासणी. आमच्याकडे एजन्सीवाले थर्ड शिफ्ट सुटली की त्याच लोकांना रांगेत उभं करायचे, तेही कँटीनशेजारच्या खोलीत! आवाजातून आल्याआल्या कान तात्पुरता बधिर असतो, आधी निदान 14 तास तरी शांतता मिळायला हवी, म्हणून मी वीकली ऑफनंतरच्या सकाळी शिफ्टच्या आधी तपासणी ठेवली. प्रॉडक्शनवाले वैतागले, वैतागू देत. रिपोर्टमध्ये 4000 हर्ट्झपाशी आलेख खाली गेलाय का बघा, आवाजाने जाणारा कान बहुतेक तिथूनच जायला लागतो. काकांचे दोन्ही गेलेले. हे परत भरून येत नाही आणि 2020 च्या ऑक्युपेशनल सेफ्टी, हेल्थ अँड वर्किंग कंडिशन्स कोडच्या (आधी फॅक्टरी ॲक्टच्या) तिसऱ्या शेड्यूलमध्ये हा सरकारला कळवायचा आजार आहे, रिपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकून चालत नाही. यावरून एचआरशी माझं जे झालं ते जाऊ दे.

इंटरव्ह्यूत जुन्या फॅक्टरी ॲक्टमधलं 150 कामगारांमागे एक फर्स्ट एड बॉक्स, 500 च्या वर ॲम्ब्युलन्स रूम असलं विचारतात, ते पाठ करा, रात्रभरात होतं. त्या ॲक्टच्या जागी नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेला 2020 चा तो नवीन कोडही वाचून जा. पॅकिंगच्या बायका दुपारी पाणी का पीत नाहीत हे मात्र कोणी विचारत नाही. टॉयलेट दुसऱ्या शेडला आणि लाईन सोडली की सुपरवायझर घड्याळ बघतो, म्हणून. मला हे आठ महिन्यांनी कळलं, तेही डबा खायला त्यांच्यात बसले तेव्हा.

आणि रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात गेटपासचं रजिस्टर आणि मेडिकलची यादी शेजारी ठेवून टिक करत जा. मी केलं तेव्हा ठेकेदाराची 40 पोरं यादीतच नव्हती, आणि सगळ्यात आवाजाच्या लाईनवर तीच उभी.