स्लॅलम आणि वेकबोर्ड, दोन्हीसाठी एकच बोट: घेताना या चुका टाळा

चार-पाच जणांनी पैसे जमवून एक बोट घ्यायची, सकाळी तिच्यामागे दोर धरून स्लॅलम स्की करायचं (एकाच स्कीवर, पाण्यावरच्या बोयांभोवती नागमोडी वळत जाणं) आणि संध्याकाळी त्याच बोटीमागे वेकबोर्ड (रुंद फळीवर आडवं उभं राहून लाटेवरून उड्या घेणं), हा विचार चांगला आहे. विदर्भात पाणीही आहे. पवनीजवळचं गोसेखुर्द आणि त्याचं भंडाऱ्यापर्यंत पसरलेलं बॅकवॉटर, रामटेकचा खिंडसी, मोर्शीचं अप्पर वर्धा, अर्जुनीकडचं इटियाडोह. अडचण अशी की हे दोन खेळ बोटीकडून नेमक्या उलट गोष्टी मागतात. स्लॅलमवाल्याला बोटीमागची लाट, म्हणजे वेक, बसकी आणि मऊ हवी. वेकबोर्डवाल्याला तीच लाट उंच, उभी आणि फेस नसलेली हवी, कारण तो तिच्यावरूनच उडी घेतो.

दोन्ही साधायचं असेल तर एक गोष्ट धरून चाला: बोटीत वजन भरता येतं, बोटीच्या अंगातलं वजन काढता येत नाही. म्हणून सपाट वेक देणारी हलकी बोट घ्या आणि वेकबोर्डच्या वेळी तिच्यात पाणी भरा. खाली दिलेल्या बहुतेक चुका हे उलटं केल्यामुळे होतात.

आधी टॉवर बघून बोट पसंत करणं

फोटोत उंच टॉवर (दोर बांधायची बोटीवरची कमान), मोठे स्पीकर आणि रुंद मागचा भाग दिसला की पोरं हरखतात. अशा वेकबोटींचं (वेकबोर्डसाठीच बनवलेल्या बोटींचं) कोरडं, म्हणजे रिकाम्या बोटीचं, वजनच दोन ते अडीच टन असतं. इंजिन मागे बसवलेलं असतं, त्याला व्ही-ड्राइव्ह म्हणतात. त्यामुळे मागची बाजू आपोआप खोल बसते आणि लाट मोठी येते. वजनासाठी पाणी भरायच्या टाक्या रिकाम्या केल्या तरी स्लॅलमवाल्याला प्रत्येक वेळी ती लाट कापूनच पलीकडे जावं लागतं.

याउलट डायरेक्ट ड्राइव्ह बोटीत इंजिन मधोमध, पेटीत झाकलेलं असतं. वजन साधारण तेराशे ते पंधराशे किलो, आणि बोट पाण्यावर सपाट धावते. मधल्या पेटीमुळे बसायला जागा कमी पडते, ही तक्रार खरी आहे. पण दोन्ही खेळ मनापासून करायचे असतील तर माझं मत हिच्याच बाजूने आहे. तुमच्या गटात दहातले आठ जण वेकबोर्डवालेच असतील आणि स्लॅलम एखाद्याची हौस असेल, तर व्ही-ड्राइव्ह घ्या आणि त्या एकाला तसं आधीच सांगा.

फक्त जोराच्या वेगावर वेक तपासणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्पर्धेतला स्लॅलम कोर्स २५९ मीटर लांब असतो. त्यात सहा बोये (तरंगते गोळे) वळायचे असतात आणि प्रत्येक बोया मधल्या रेषेपासून ११.५ मीटर बाजूला असतो. पुरुषांचा कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर, महिलांचा ५५. बोट विकणारा या वेगावर बोट पळवून दाखवतो आणि वेक खरंच सुरेख दिसतो. वेग जास्त तितकी बोट पाण्यातून वर उचलली जाते आणि लाट बसते, त्यामुळे तो तसा दिसणारच.

पण तुमच्या गटात ५८ वर स्की करणारा आहे कोण? नवशिक्या ४० ते ४६ वर शिकतो, बरेच जण ४९ वर वर्षानुवर्षं राहतात. आणि याच वेगात बोटींचा खरा फरक कळतो. मागच्या सीटवर उलटं तोंड करून बसा आणि दोन लाटांच्या मधल्या पट्ट्याकडे बघा. काही बोटींच्या मागे तिथे पांढऱ्या फेसाखाली एक टणक उंचवटा उठतो. वरून तो फारसा दिसत नाही, पण स्की त्याच्यावर आली की गुडघे वर ढकलले जातात आणि हँडल हातातून निसटतं.

हा उंचवटा दोराच्या लांबीप्रमाणेही बदलतो. स्लॅलमचा पूर्ण दोर १८.२५ मीटरचा, मग १६, १४.२५, १३, १२ असा आखूड होत जातो. १८.२५ वर ठीक वाटलेली बोट १४.२५ वर त्रास देऊ शकते. म्हणून ट्रायल घेताना ४३, ४९ आणि ५५ या तीन वेगांवर, दोन-तीन वेगवेगळ्या लांबीच्या दोरांवर, आपलाच माणूस मागे लावून बघा. त्यातही गटातला सगळ्यात कच्चा माणूस आधी लावा.

त्याच ट्रायलमध्ये स्टिअरिंगकडे लक्ष ठेवा. स्लॅलमवाला बाहेर ओढ घेतो तेव्हा बोटीचं मागचं टोक त्याच्याकडे सरकतं का? तळाला मधल्या रेषेत पंख असलेल्या बोटी सरळ रेष धरतात. रेष न धरणाऱ्या बोटीमागे कोर्स करणं म्हणजे रोजची चिडचिड आहे.

मग वेकबोर्डची ट्रायल. वेग ३० ते ३८, दोर १८ ते २४ मीटर आणि मागे ३०० ते ४०० किलो वजन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे हिशेब सोपा आहे. रबरी पिशव्या मागच्या कोपऱ्यांत ठेवून पंपाने भरा. मात्र बोटीवर लिहिलेली वजनाची मर्यादा माणसं आणि पाणी मिळून असते, हे विसरू नका.

एकाच जागी दोर बांधणं

वेकबोर्डचा दोर टॉवरला, साधारण दोन मीटर उंचीवर बांधतात. त्यामुळे उडीला वरून आधार मिळतो. स्लॅलमचा दोर मात्र बोटीच्या मधल्या बुटक्या खांबालाच बांधायचा. स्लॅलमवाला बाजूला जी ओढ देतो ती टॉवरच्या टोकावर आली तर बोट कलते, रेष सोडते आणि टॉवरचे जोड सैल होतात. ज्या बोटीला मधला खांबच नाही ती दोन्ही खेळांसाठी बघूच नका. दोरही वेगळे ठेवा. वेकबोर्डचा दोर अजिबात न ताणणारा हवा, स्लॅलमचा थोडा ताण घेणारा.

काठाचा विचार न करणं

आपल्याकडे सिमेंटचा उतार क्वचितच मिळतो. ट्रेलर ट्रॅक्टरला जोडून मुरमाच्या काठावरून पाण्यात ढकलायचा असतो. मार्चनंतर पाणी मागे सरकलं की मुरूम संपतो आणि काळी माती सुरू होते. वरून भेगाळलेली, आतून ओली. अडीच टनाची बोट तिथे रुतली तर दुसरा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. हलक्या बोटीच्या बाजूने हाही एक मोठा मुद्दा आहे.

पाण्याखाली काय आहे हे त्याहून महत्त्वाचं. धरणात गावं गेली, आमराया गेल्या, त्यांचे खुंट अजून उभे आहेत. इनबोर्ड, म्हणजे इंजिन आत असलेल्या, बोटीचा पंखा (बोट ढकलणारा प्रोपेलर) तळाखाली उघडा असतो. काठावरच्या ढिवर बांधवांना विचारल्याशिवाय बोट सोडू नका. रोज डोंगा घालणारा माणूस एका वाक्यात सांगतो, "तिकडं नोका जाऊ भाऊ, तिथं आमराईचे खुंट आहेत." कोणता खुंट कोणत्या महिन्यात वर येतो हे त्यांना पाठ असतं. त्यांची जाळी कुठे लावलेली आहेत तेही त्यांच्याकडूनच समजून घ्या. तलाव अनेक ठिकाणी मच्छीमार संस्थांकडे ठेक्याने असतात आणि जाळं तुटलं की एका घराची कमाई जाते.

इंजिन आणि दुरुस्ती

माणसाला मागे ओढणाऱ्या मोठ्या बोटींची इंजिनं बहुतेक पेट्रोलवरची व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरची, असतात, आणि पाणी भरून वेकबोर्ड केलं की पेट्रोल स्लॅलमपेक्षा बरंच जास्त जातं. सुटे भाग बाहेरून मागवावे लागतात. बजेट कमी असेल तर मधला खांब असलेली आउटबोर्डची (इंजिन बाहेर, मागच्या टोकाला टांगलेली) हलकी बोट विचारात घ्या. आउटबोर्डचा मेकॅनिक शोधणं त्यामानाने सोपं जातं. वेकबोर्डची लाट लहान मिळेल, पण शिकायला पुरते. पंखा मात्र बोटीच्या मागे, पाण्यातल्या माणसाच्या बाजूला असतो, म्हणून त्याला उचलताना इंजिन बंद म्हणजे बंदच. चालवणाऱ्याशिवाय मागे बघणारा दुसरा माणूस बोटीत असलाच पाहिजे.

वेग आपोआप धरून ठेवणारी जीपीएस यंत्रणा, झिरो ऑफ किंवा परफेक्टपाससारखी, असेल तर त्यासाठी चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. ५८ च्या वेगाने कोर्स पार व्हायला १६.०८ सेकंद लागतात. हाताने थ्रॉटल धरून दर वेळी तेवढेच सेकंद साधणं फार अवघड आहे.

घेतल्यावर येणाऱ्या अडचणी

वेकबोर्डची लाट एका बाजूला स्वच्छ आणि दुसऱ्या बाजूला फेसाळ येत असेल तर बोट कललेली आहे. चालवणारा एका बाजूला बसतो आणि पंख्याच्या फिरण्यानेही बोट झुकते. फेसाळ बाजूची पिशवी थोडी जास्त भरा किंवा एक माणूस तिकडे बसवा. दोन्हीकडे फेस असेल तर वेग एक-दीड किलोमीटरने वाढवा, नाहीतर थोडं वजन पुढे घ्या.

पिशव्या भरल्यावर बोट पाण्यावर उचललीच जात नसेल तर इंजिनला दोष देण्याआधी पंखा तपासा. कमी पिचचा (एका फेऱ्यात बोटीला कमी अंतर पुढे नेणारा) पंखा लावला की ओढ वाढते, वरचा वेग थोडा कमी होतो.

इंजिनचं तापमान चढत असेल तर पहिला संशय जलपर्णीवर घ्या. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येतं, त्या पाण्यावर जलपर्णी पोसली जाते. इंजिन थंड ठेवायला बोट हेच पाणी ओढते. पाणी आत घेणाऱ्या वाटेवरची गाळणीची जाळी दर खेपेला साफ करा. तरीही तापत असेल तर पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं फिरतं चाक, काढून त्याची पाती मोजा. गाळाच्या पाण्यात ती लवकर झिजतात, आणि तुटलेला तुकडा पुढच्या नळीत अडकलेला सापडतो.

एका तलावातून दुसऱ्या तलावात जाण्याआधी पिशव्या पहिल्याच काठावर पूर्ण रिकाम्या करा, ट्रेलरला चिकटलेली जलपर्णी हाताने काढा.

कागदपत्रं शेवटी ठेवणं

धरणाचं पाणी जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतं, तिथे बोट घालायला परवानगी लागते. बोटीची नोंदणी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली येते आणि राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं. पेंचच्या तोतलाडोहसारखं व्याघ्र प्रकल्पातलं पाणी यादीतून आधीच काढून टाका. गोंदियाकडे सारस घरटी करतो त्या तलावांवरही इंजिन नेऊ नका. परवानगी कोणत्या तलावाची मिळते ते आधी बघा, तिथली मे महिन्यातली खोली आणि सरळ लांबी मोजा. कोर्सला दोन्ही टोकांची धाव धरून सहाशे मीटरच्या वर सरळ पाणी लागतं. ते मिळाल्यावरच बोटीचा बयाना द्या.