जुन्या बोगद्यांजवळ कोळसा काढताना छताच्या बाबतीत या चुका टाळा

मराठवाड्यात कोळशाची खाण नाही. किनवट-माहूरकडून वणी, राजुरा, बल्लारपूर किंवा पलीकडे तेलंगणातल्या मंचेरियालच्या भुयारी खाणीत कामाला जाणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. विहिरींचं खोदकाम पाहत वाढलेल्या माणसाची पहिली चूक खडक ओळखण्यात होते. आपल्याकडे मुरूम संपून काळा पाषाण लागला की विहीर बांधकामाशिवाय उभी राहते. वेरूळची लेणी त्याच दगडात कोरली आहेत. कोळशावरचं छत मात्र वाळूखडक आणि शेल (चिखलापासून बनलेला पापुद्र्यांचा दगड) यांच्या थरांचं असतं. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा त्याचा थर सुटतो, आणि पावसाळ्यातली दमट हवा लागली की शेल मऊ पडतो. म्हणून काल ठोकून पाहिलेलं छत आज पुन्हा ठोकायचं. खणखणीत आवाज आला तर ठीक; ढबढब आला तर आधाराखालीच उभं राहून लांब सळईने तो थर पाडायचा किंवा खाली टेकू द्यायचा.

जुना नकाशा म्हणजे हद्द नव्हे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 1973 च्या राष्ट्रीयीकरणाआधीचे नकाशे अनेकदा फुटांत असतात. त्यावरची उत्तर चुंबकीय असते आणि ती दिशा वर्षागणिक सरकते. शेवटच्या काही महिन्यांचं खोदकाम नकाशावर चढलेलंच नसतं, कधी पिलरही (छत पेलायला मधे सोडलेले कोळशाचे खांब) कापून नेलेले असतात. सर्व्हेअरने नकाशा आजच्या मोजणीशी जुळवल्याशिवाय फेस (कोळसा काढायची पुढची भिंत) पुढे नेऊ नये.

तपासून पाण्यापासून मोकळं असल्याची खात्री न झालेलं जुनं काम, म्हणजे आधी खोदून सोडलेला भाग, 60 मीटरच्या आत असेल, तर खाण सुरक्षा महासंचालनालयाची परवानगी लागते. गॅलरी, म्हणजे कोळशातली खोदलेली वाट, 2.4 मीटर रुंद आणि 2.4 मीटर उंच, यापेक्षा मोठी नको. फेसच्या मध्यभागी पुढे भोक, शिवाय दोन्ही बाजूंना तिरपी भोकं, आणि ती कायम फेसच्या किमान 3 मीटर पुढे. इथे घाईत फक्त मधलं भोक मारलं जातं. जुना बोगदा समोरूनच येईल असं नाही. तो कुशीतून येतो, डोक्यावरूनही येतो.

भोक कोरडं निघालं म्हणजे पलीकडे पाणी नाही, असंही समजू नका. तोंडाशी गाळ बसला असेल तर थेंबही येत नाही. 30 मीटर पाणी उभं असेल तर दर चौरस मीटरला सुमारे 30 टनांचा दाब येतो, आणि पातळ उरलेली कोळशाची भिंत तो पेलत नाही. झारखंडच्या बागडिगी खाणीत 2001 साली शेजारच्या जुन्या कामातलं पाणी घुसून 29 जण गेले.

रुंदी आणि पिलर

नियमाने गॅलरी जास्तीत जास्त 4.8 मीटर रुंद चालते. पण चौकात तिरप्या रेषेत मोजा, तेच अंतर 6.8 मीटर भरतं. जुन्या गॅलरीच्या दिशेने नवा क्रॉसकट (आडवी वाट) फोडला की असाच एक चौक तयार होतो, आणि नेमकं तिथेच छतात बसवलेल्या लोखंडी बोल्टचं अंतर नेहमीचंच ठेवलं जातं. जुने पिलर झडलेले असतील तर त्यांचा भार तुमच्या बाजूच्या कोळशावर आलेला असतो. कडा सोलपटू लागल्या किंवा जमीन फुगली, तर आधी रुंदी कमी करा, मग आधार वाढवा. वरखाली दोन थरांत काम असेल आणि मधलं अंतर 9 मीटरच्या आत असेल, तर शक्य तिथे पिलरखाली पिलरच यायला हवा. मधला दगड कुठेही 3 मीटरपेक्षा पातळ नको.

बोल्ट बसला, पण धरला का?

सिमेंट कॅप्सूल (बोल्ट भोकात चिकटवणारी सिमेंटची नळी) बुडबुडे थांबेपर्यंतच पाण्यात ठेवायची. लवकर काढली तर आत कोरडी राहते, विसरली तर भोकात जायच्या आधीच घट्ट होते. भोक खोल झालं तर कॅप्सूल बोल्टच्या वर राहून वाया जाते. उथळ झालं तर प्लेट छताला टेकत नाही आणि बोल्ट नुसता लोंबतो. ओढून पाहण्याची चाचणी अर्ध्या तासाने 3 टन, दोन तासांनी 5 टन. नापास झाला तर तोच पुन्हा ठोकत बसू नका, शेजारी नवा घाला.

लाकडी प्रॉप (उभा टेकू) सुट्या कोळशावर उभा करणं ही जुनी खोड. पाया पक्क्या जमिनीपर्यंत साफ करायचा, वर लिड (आडवी फळी) आणि पाचर घट्ट. चॉकचंही (ओंडके आडवे-उभे रचून केलेला आधार) तसंच.

टेल-टेल (छताच्या भोकात दोन उंचींवर अँकर बसवून थर किती सरकले ते दाखवणारं साधन) बसवून ती वाचायला कुणी नसेल, तर ती बसवून उपयोग नाही. खालच्या अँकरची खूण सरकली तर बोल्ट लावलेल्या जाडीत थर सुटतो आहे. वरच्या अँकरची त्याहून जास्त सरकली तर बोल्टसकट अख्खा दगड खाली येतो आहे. तिथे आणखी आखूड बोल्ट मारून काही होत नाही. माणसं बाहेर काढा आणि ओव्हरमनला (पाळीच्या देखरेख अधिकाऱ्याला) सांगा.

जुना बोगदा फुटलाच, तर आत डोकावू नका. तिथे ऑक्सिजन कमी असू शकतो आणि ते वासावरून कळत नाही. काम थांबवून सगळे मागे, तोंड कुंपणाने बंद, आणि हवेची तपासणी होऊन अधिकाऱ्याचा लेखी हुकूम येईपर्यंत शेवटच्या आधाराच्या ओळीपुढे कुणीही नाही.